कुरसुराच्या पोटात

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही, पण दारूगोळा आहे. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार हे देशातले सर्वांत मोठे, आशियातल्या मोठ्या भांडारांपैकी एक. माझी धाकटी बहीण पुलगावलाच दिलेली. तिच्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला ते लांबच लांब कुंपण दिसते, मनाईचे फलक दिसतात आणि त्यापलीकडे काहीच दिसत नाही. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर या भांडारात आग लागली, स्फोट झाले, आजूबाजूची गावे अंधारातच रिकामी करावी लागली. लष्करी अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे कर्मचारी त्यात गेले. कुंपणाआड माणसे काय काम करतात, कशाच्या शेजारी रोज उभी राहतात, हे आमच्या जिल्ह्याला त्या रात्री कळले. कळायला एवढी मोठी किंमत मोजावी लागली, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही.

याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. १९३६ मध्ये गांधीजी येऊन राहिले ती कुटी आजही शेणाने सारवलेल्या जमिनीसकट जपलेली आहे, आणि कुणीही जाऊन ती पाहू शकतो. आश्रम उघडा, भांडार बंद, आणि दोन्ही आमचेच. अशा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला युद्धाच्या यंत्राबद्दल कुतूहलही असते आणि धास्तीही. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर एक खरी, लढाईच्या काळात गस्त घातलेली पाणबुडी लोकांना आतून बघायला ठेवली आहे, हे वाचले तेव्हापासून तिथे जायचे घोकत होतो. बहिणीच्या मुलीची बारावीची परीक्षा संपली. तिला भौतिकशास्त्राची गोडी. ती म्हणाली, "मामा, तुम्ही नुसतं म्हणूनच राह्यता. आता काढाच तिकीट."

सेवाग्राम स्थानकावरून गाडी सुटली की हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर, बल्लारशाह अशी आपली माणसे चढत-उतरत राहतात. बल्लारशाह सोडल्यावर पुलाखाली वर्धा नदी लागते. नदी ओलांडल्यावर थोड्या अंतराने आपला मुलूख संपतो आणि तेलंगणचा सुरू होतो. मंचेरियाल ओलांडल्यावर गोदावरी येते. ही गोदावरी नाशिक, पैठण, नांदेडकडून आलेली. तिच्यात अजून वर्ध्याचे पाणी नाही. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत उतरते. त्यामुळे विजयवाड्याला वळसा घालून गाडी राजमहेंद्रीला पोचते आणि गोदावरी दुसऱ्यांदा भेटते, तेव्हा त्या अफाट पात्रात आमच्या जिल्ह्याचाही वाटा असतो. शेजारी जुना हॅवलॉक पूल उभा आहे. १९०० ते १९९७ अशी जवळजवळ शंभर वर्षे त्याने रेल्वेगाड्या वाहिल्या. आता तो नुसता उभा आहे. भाची खिडकीला टेकून बसली होती. मी तिला नद्यांचा हा हिशेब सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे समुद्र आपला नाही असं नाहीच ना मामा. आपलं पाणी तर रोज तिथं जाते." तिच्या त्या बोलण्याने मला प्रवासाचे कारण जास्त स्पष्ट झाले.

विशाखापट्टणम हे डोंगर आणि समुद्र यांच्या मधोमध वसलेले शहर. बंदराच्या तोंडाशी डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या आडोशाने आत शांत पाणी आहे, म्हणून इथे बंदर झाले, नौदलाचे पूर्व मुख्यालय झाले आणि पाणबुड्यांचा तळही झाला. त्या तळाचे नाव आयएनएस वीरबाहू. पाणबुडीवर जाणाऱ्यांना शिकवणारी नौदलाची शाळाही याच शहरात आहे, आणि तिचे नाव आयएनएस सातवाहन.

आणखी एक मराठी धागा इथे सापडतो. बंदराजवळच्या एका भागाला लोक आजही सिंधिया म्हणतात. तो वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा वारसा. सोलापूरला जन्मलेल्या या उद्योजकाने १९४१ मध्ये, ब्रिटिशांच्या राज्यात, जहाज बांधायचा कारखाना इथे उभा करायला घेतला. त्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. स्वातंत्र्यानंतर १४ मार्च १९४८ रोजी 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते इथल्याच पाण्यात उतरले. तोच कारखाना पुढे हिंदुस्थान शिपयार्ड झाला. रिक्षावाला "सिंधिया, सिंधिया" म्हणत सवाऱ्या गोळा करत होता, तेव्हा मी भाचीला थांबवून हे सगळे ऐकवले.

ही पाणबुडी, आयएनएस कुरसुरा, आहे रामकृष्ण बीचवर. किनाऱ्याच्या रस्त्याने चालत गेलो की आधी नारळाची झाडे, मग चुरमुऱ्यांत कांदा-टोमॅटो कालवून देणाऱ्या गाड्या, आणि मग एकदम ती. काळी, लांबलचक, वाळूवर काँक्रीटच्या आधारावर बसवलेली. ९१ मीटर लांब. मधोमध उभा असलेला तिचा उंच भाग दुरूनही ओळखू येतो. समुद्रात असताना जेवढी दिसायची त्याच्या किती तरी पट ती इथे दिसते, कारण पाण्याखालचे सगळे शरीर उघड्यावर आले आहे. मागे गेलो की तीन पंखे दिसतात. कुरसुरा याच तीन पंख्यांवर ३१ वर्षांत ७३,५०० सागरी मैल फिरली. किलोमीटरमध्ये सांगायचे तर सुमारे १ लाख ३६ हजार.

तिची कथा बाहेरच्या दालनातल्या फोटोंवरून कळू लागते. भारताने साठच्या दशकात सोव्हिएत संघाकडून फॉक्सट्रॉट वर्गाच्या पाणबुड्या घेतल्या. पहिली आयएनएस कलवरी ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात आली, म्हणून ८ डिसेंबर हा आपला पाणबुडी दिवस. तिच्यामागून खांदेरी आणि करंज आल्या. खांदेरी म्हणजे शिवछत्रपतींनी मुंबईच्या तोंडाशी बांधलेला जलदुर्ग आणि करंज म्हणजे उरणजवळचे बेट. चौथी कुरसुरा. ती १८ डिसेंबर १९६९ रोजी लॅटव्हियातल्या रिगा बंदरात नौदलात दाखल झाली आणि १९७० च्या फेब्रुवारीत भारताकडे निघाली. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धापासून सुएझ कालवा बंद होता. त्यामुळे गोथेनबर्ग, ला कोरुन्या, आफ्रिकेतले ताकोराडी, मॉरिशस असा सगळ्या आफ्रिका खंडाला वळसा घालून ती घरी आली. तीन दशकांच्या नोकरीनंतर २००१ मध्ये ती निवृत्त झाली.

मग तिला किनाऱ्यावर आणायचे ठरले. कल्पना नौदलाची, जबाबदारी इथल्या नगरविकास प्राधिकरणाची. समुद्रात टग लावून तिला ओढत आणणे एक वेळ सोपे. पण दोन हजार टनांच्या आसपासची ही काया लाटांमधून बाहेर काढून वाळूवरून शेवटचे सुमारे सहाशे मीटर सरकवणे हे खरे काम होते. खर्च सुमारे साडेपाच कोटी रुपये आला. ९ ऑगस्ट २००२ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि त्याच महिन्यात ती लोकांसाठी खुली झाली.

आत शिरायला तिच्या कुशीत दार कापले आहे आणि लोखंडी जिना लावला आहे. एका टोकाने आत जायचे, दुसऱ्याने बाहेर पडायचे. आमच्याबरोबर ओडिशातले एक कुटुंब होते, कॉलेजची काही पोरे होती आणि एक म्हातारे तेलुगू जोडपे. माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. हिंदीत बोलत. पोट सुटलेले, केस पिकलेले. पण आत पाऊल ठेवल्याबरोबर त्यांचे अंग बदलले. डोके कुठे वाकवायचे, खांदा कुठे तिरका करायचा, हात कुठल्या नळीला लावायचा नाही, हे त्यांना बघावे लागत नव्हते. आम्ही मात्र दर दोन पावलांना कुठे ना कुठे आपटत होतो.

पहिला कप्पा पुढच्या पाणतिरांचा. समोरच्या भिंतीत सहा जाड गोल झाकणे. त्यामागे नळ्या, नळ्यांमागे समुद्र. मागच्या टोकाला अशाच चार नळ्या आहेत. एका वेळी २२ पाणतीर घेऊन ही पाणबुडी निघायची. प्रत्येक पाणतीर अर्ध्या मीटरहून थोडा जास्त जाड आणि माणसाच्या चौपट लांब. त्यांच्या वर आणि बाजूला, जिथे म्हणून हातभर जागा मिळेल तिथे, झोपायच्या फळ्या. भाचीने विचारले, "इथं झोपायचे?" गृहस्थ म्हणाले, "झोपायचो. शेजारी काय आहे हे विसरूनच झोपायचो." मग त्यांनी सांगितले की फळ्या माणसांपेक्षा कमी. एक जण पाळीवर गेला की दुसरा त्याच्याच फळीवर आडवा. गादी गार होतच नसे. नौदलातली सुमारे ७५ माणसे अशी आठवडेच्या आठवडे राहत.

एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला भिंतीत गोल भोक आहे, दोन-अडीच फुटांचे. आधी एक पाय, मग डोके, मग उरलेला माणूस. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून जाताना वाकावे लागते तसेच, फक्त इथे प्रत्येक खोलीला हाच दरवाजा आणि आपत्तीच्या वेळी पळत जायचे तेही यातूनच. दरवाजाचे पोलादी झाकण हातभर अंतरावर बिजागरीला टांगलेले. आमच्या गृहस्थांनी त्यावर थाप मारली. "एखाद्या कप्प्यात पाणी शिरलं किंवा आग लागली की हे बंद करायचं. आतून. ज्यांच्या कप्प्यात आपत्ती आली, त्यांनीच बंद करायचं आणि तिथेच राहून झुंजायचं. दुसऱ्यांनी कितीही वाटलं तरी उघडायचं नाही." ओडिशातल्या कुटुंबातला मुलगा तोवर खेळत होता. तो बापाजवळ जाऊन उभा राहिला. मी त्या झाकणाच्या रबरी कडेवरून बोट फिरवले. कडा गुळगुळीत झाली होती. किती हातांनी ती तपासली असेल, रोज, प्रत्येक पाळीला.

दुसऱ्या कप्प्यात अधिकाऱ्यांच्या खोल्या. खोली म्हणजे एक फळी, एक छोटे टेबल आणि पडदा. कप्तानाला तेवढी स्वतःची खोली. पाय ठेवतो त्या फळ्यांखाली बॅटऱ्या आहेत. सगळ्या पाणबुडीची मदार त्यांच्यावर. डिझेल इंजिनाला हवा लागते आणि पाण्याखाली हवा नाही. म्हणून पाण्याखाली चालायचे ते बॅटरीवरच्या विजेच्या मोटारींवर. बॅटरी उतरली की वर यायचे, किंवा वर न येता फक्त श्वास घ्यायची नळी पाण्याबाहेर काढायची, इंजिन सुरू करायचे, बॅटरी भरायची आणि पुन्हा खाली जायचे. वर येण्याचा तो काळच सर्वांत धोक्याचा, कारण तेव्हा शत्रूचे विमान किंवा जहाज तिला पाहू शकते. भरताना बॅटरी हायड्रोजन सोडते. तो साठला तर एका ठिणगीने स्फोट. बॅटरीत समुद्राचे पाणी गेले तर विषारी क्लोरीन. भाचीला हे रसायनशास्त्र पाठ होते. पण परीक्षेत लिहिणे वेगळे आणि त्या फळ्यांवर उभे राहून ऐकणे वेगळे. ती बराच वेळ खाली बघत राहिली.

तिसरा कप्पा म्हणजे पाणबुडीचा मेंदू. छत, भिंती, सगळीकडे चाके, झडपा, काटे, तबकड्या. रशियन अक्षरे अजून तशीच आहेत. मधून पेरिस्कोपचा जाड खांब वर गेलेला. बुडायचे कसे आणि वर यायचे कसे, हे इथे समजते. पाणबुडीला दोन कवचे असतात. बाहेरचे आकार देणारे, आतले दाब सोसणारे. दोघांच्या मध्ये टाक्या. वरच्या झडपा उघडल्या की टाक्यांतली हवा सुटते, खालून पाणी शिरते, पाणबुडी जड होऊन बुडते. वर यायचे असेल तर बाटल्यांमध्ये प्रचंड दाबाखाली भरून ठेवलेली हवा टाक्यांत सोडायची. ती पाण्याला बाहेर ढकलते. सगळा खेळ हवेचा. हवा संपली तर वर येणे संपले.

दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो. या पाणबुडीची खोल जाण्याची मर्यादा सुमारे अडीचशे मीटर. भाचीने तिथल्या तिथे हिशेब केला. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पंचवीस किलो. तळहाताएवढ्या जागेवर काही टन. तिने आपला हात उघडून पाहिला, मग भिंतीला लावला. गृहस्थ हसले आणि म्हणाले, "बेटी, हीच गोष्ट आम्हाला शिकवायला कितीतरी दिवस लागले होते." पुढचा सगळा वेळ ते माझ्याशी कमी आणि तिच्याशी जास्त बोलले.

चौथ्यात स्वयंपाकघर, खलाशांच्या जागा, पुन्हा पायाखाली बॅटऱ्या. स्वयंपाकघरात दोन माणसे एकमेकांना पाठ लावून उभी राहिली की भरले. गोडे पाणी मोजून मिळायचे, तेही प्यायला आणि रांधायला. अंघोळ हा शब्द गस्तीच्या काळात काढायचा नाही. पाचव्यात तीन डिझेल इंजिने, प्रत्येकी दोन हजार अश्वशक्तीची, आणि त्यांच्या मधून जेमतेम एका माणसाला जाता येईल एवढी वाट. आज ती थंड आहेत, तरी डिझेलचा वास लोखंडात मुरलेला आहे. ती तिन्ही एकदम चालू असताना इथे उभे राहणाऱ्यांच्या कानांचे आणि अंगाचे काय होत असेल? वैशाखात वर्ध्याला ४६ अंश सोसणारा माणूसही या प्रश्नाचे उत्तर पटकन देणार नाही. आमच्याकडे निदान रात्री अंगणात खाट टाकता येते.

सहाव्यात विजेच्या मोटारी, सातव्यात मागचे पाणतीर. तिथून जिना उतरलो की उजेड, वारा आणि समुद्र एकदम अंगावर येतात. आमच्यातल्या प्रत्येकाने आधी खोल श्वास घेतला.

बाहेर आल्यावर मला आठवली ती याच वर्गातल्या एका सोव्हिएत पाणबुडीची गोष्ट. २७ ऑक्टोबर १९६२. क्यूबाचा पेच शिगेला पोचलेला. बी-५९ ही फॉक्सट्रॉट पाणबुडी क्यूबाजवळच्या समुद्रात दडलेली, वर अमेरिकी युद्धनौका तिला वर येण्याचा इशारा म्हणून छोटे स्फोट करत होत्या. आत उष्मा असह्य, बॅटऱ्या उतरलेल्या, मॉस्कोशी संपर्क नाही. तिच्यावर अणुअस्त्र बसवलेला एक पाणतीर होता. वर युद्ध सुरू झाले असेल असे वाटून कप्तान तो सोडायच्या विचारात होते आणि त्यांना वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने आवरले, असे त्या पाणबुडीवरच्या एका अधिकाऱ्याने पुढे सांगितले. पाणबुडी शेवटी वर आली आणि परत फिरली. हा प्रसंग मी पुस्तकात वाचला होता. पण तो घडला ती जागा किती अरुंद, किती कोंदट होती, तिथे संयम राखणे म्हणजे काय, हे मला कुरसुराच्या तिसऱ्या कप्प्यात उभे राहिल्यावर कळले. सेवाग्रामच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. शस्त्र हातात असताना न वापरण्याचा निर्णयही माणूसच घेतो, आणि तो अशाच एखाद्या खोलीत घेतो.

कुरसुराने स्वतः युद्धात एकही पाणतीर डागला नाही. १९७१ च्या नोव्हेंबरात, युद्ध सुरू होण्याआधी, ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. थेट आदेश आल्याशिवाय हल्ला करायचा नाही, अशी तिला ताकीद होती. डिसेंबरच्या सुरुवातीला ती मुंबईला परतली आणि तिच्या जागी करंज गेली. करंजचे कप्तान विजयसिंह शेखावत पुढे नौदलप्रमुख झाले. काही आठवडे पाण्याखाली राहून, काही न करता, सतत सज्ज राहणे हे पाणबुडीचे नेहमीचे काम. त्याच्या बातम्या होत नाहीत.

त्या युद्धात पाणबुडीने काय घडवले, तेही या किनाऱ्यावरून पाहता येते. संग्रहालयापासून थोडे चालले की 'व्हिक्टरी अॅट सी' हे १९७१ च्या नौदल विजयाचे स्मारक आहे. याच शहराच्या बंदराबाहेर ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडाली. ती मुळात अमेरिकेची 'डायाब्लो'. आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या शोधात ती इथवर आली होती. आयएनएस राजपूतने टाकलेल्या स्फोटकांनी ती बुडाली, असे भारत सांगतो. तिच्याच सुरुंगांचा स्फोट झाला, असे पाकिस्तान सांगतो. तिच्यावरची नव्वदहून अधिक माणसे तिच्यासोबत गेली. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवच्या किनाऱ्यासमोर पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने आपली आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून गेले नाहीत. हँगोर आज कराचीच्या सागरी संग्रहालयात आहे. खुकरी हेच नाव घेतलेली, मुंबईत माझगावला बांधलेली पुढची नौका निवृत्तीनंतर दीवला संग्रहालय म्हणून दिली गेली. आपली मेलेली माणसे आणि आपल्याला मारणारी यंत्रे, दोन्ही देशांनी अशी जपली आहेत.

कुरसुराच्या समोर रस्त्यापलीकडे टीयू-१४२ हे विमान ठेवलेले आहे. पाणबुड्या शोधून मारण्याचेच त्याचे काम. २०१७ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते संग्रहालय म्हणून खुले झाले. दडणारी आणि शोधणारा आता एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना उभे आहेत. तिकीट काढून दोन्ही पाहता येतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी दोन्ही पाहावीत. सोमवारी मात्र जाऊ नये. पाणबुडी त्या दिवशी बंद असते.

तिथे बसून मला सारखे महाराष्ट्राचे वाटत राहिले. जगात पाणबुड्या जपण्याची मोठी परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडून जिंकलेली यू-५०५ शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात १९५४ पासून आहे. जगातली पहिली अणुशक्तीवरची पाणबुडी नॉटिलस अमेरिकेत ग्रोटनला आहे, इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टला अलायन्स आहे. ही कामे अवघड असतात, हेही खरे. खारा वारा पोलाद खातो. रंग, गंज, गळती, यांवर खर्च सुटत नाही. सॅन डिएगोच्या सागरी संग्रहालयातली बी-३९ ही कुरसुराचीच बहीण, पण ती २०२२ मध्ये भंगारात गेली. आपल्याकडे वागली ही शेवटची फॉक्सट्रॉट २०१० मध्ये निवृत्त झाली. तिचे मामल्लपुरमला संग्रहालय करायचे ठरले होते. ते झाले नाही.

महाराष्ट्राने तर विक्रांत गमावली आहे. २००१ पासून ती मुंबईत संग्रहालय होती. शाळांच्या सहली तिथे जात. २०१२ मध्ये ती धोकादायक म्हणून बंद झाली, २०१४ मध्ये भंगारात विकली गेली आणि तोडली गेली. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचे सिंधुदुर्गात संग्रहालय करायला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली, पण ती २०२० मध्ये तोडणीसाठी गुजरातेत अलंगला गेली. आता गुलदार ही निवृत्त नौका निवतीजवळच्या समुद्रात उतरवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचे काम राज्याच्या पर्यटन महामंडळाने हाती घेतले आहे. ते पूर्ण व्हावे, नीट व्हावे. पण समुद्राखालच्या नौकेपर्यंत पोचणे सगळ्यांना जमणार नाही. जिना चढून, डोके वाकवून, बॅटऱ्यांवर उभे राहून कळते ते वेगळे असते.

आणि महाराष्ट्राकडे जपण्याजोगी पाणबुडी आहे. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी कुठली? आयएनएस शाल्की. आराखडा जर्मन, बांधणी मुंबईच्या माझगाव गोदीची. आपल्या कामगारांनी ते पोलाद जोडले, आणि ७ फेब्रुवारी १९९२ रोजी ती मुंबईतच नौदलात दाखल झाली. तिच्यामागून १९९४ मध्ये शंकुल आली. नव्या कलवरीपासून वागशीरपर्यंतच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्याही याच गोदीत झाल्या. शाल्की अजून नोकरीत आहे, पण ती काही कायम राहणार नाही. लांबीने ती कुरसुरापेक्षा बरीच लहान, जेमतेम ६४ मीटर. तिला जमिनीवर आणणे कुरसुराइतके अवघड जाऊ नये. तिच्यासाठी जागा, पैसा आणि देखभालीची कायमची तरतूद यांचा विचार तिच्या निवृत्तीआधी सुरू झाला पाहिजे. नंतर नाही. विक्रांतच्या बाबतीत नंतर सुरू झाला होता.

पाणबुडीचे सगळे काम न दिसण्याचे असते. ती दिसली तर हरली. त्यामुळे तिच्यातल्या माणसांचे कष्ट, त्यांची शिस्त, त्यांनी रोज घेतलेली जोखीम, हे आपल्याला कधी दिसत नाही; आणि जे दिसत नाही त्याबद्दल नागरिक एकतर नुसता जयजयकार करतो किंवा दुर्लक्ष करतो. दोन्ही अपुरे. ज्यांच्या हाती आपण एवढे घातक शस्त्र देतो त्यांना कसे राहावे लागते, ते शस्त्र चालवणे म्हणजे नेमके काय, हे एकदा आतून पाहिलेला माणूस युद्धाबद्दल जबाबदारीने बोलतो. पुलगावच्या कुंपणाआड जाता येणार नाही, ते योग्यच आहे. पण निवृत्त झालेल्या यंत्राला लपायचे काही कारण उरत नाही.

परतीच्या गाडीत भाचीने वहीत पाणबुडीचे सात कप्पे काढले. टाक्या, झडपा, बॅटऱ्या, हवेच्या बाटल्या, सगळे जागच्या जागी. एकदा चुकले तेव्हा खोडून पुन्हा काढले. खाली तिने लिहिले होते, शाल्की कधी निवृत्त होणार? वर्ध्याच्या एका मुलीच्या वहीत हा प्रश्न आला आहे. त्याचे उत्तर मुंबईत कुणीतरी आत्ताच शोधायला घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.